तांब्याचे खुरपे



चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही कामगार कायद्यांविषयी काही सांगावे. आयुष्याची तीस वर्षे कारखान्यांच्या दारांशी काढलेल्या माणसाने दुसरे काय सांगावे? परंतु आम्ही विषय कळविला तो बागकामाच्या तांब्याच्या व काशाच्या अवजारांचा. चालकांनी पुन्हा विचारून घेतले की, पत्र चुकीच्या पाकिटात तर पडले नाही ना! तसे काही झालेले नाही. आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढे जे काही शिकलो ते पाळीचा भोंगा आणि वाचनालयाचे दार या दोहोंच्या मधल्या वेळात. तेव्हा आम्ही धातुशास्त्राचे पंडित नाही की शेतीतज्ज्ञही नाही. अवजार ज्याच्या हातात असते त्या माणसाशी मात्र आमचा रोजचा संबंध आहे. त्या एका अधिकारावर आपला तासभर घेत आहोत.

हा विषय आमच्याकडे चालत आला तो एका माळ्याच्या पायांनी. कर्जत तालुक्यात आता गावोगाव मुंबईकरांची फार्महाऊसे झाली आहेत, हे आपण जाणताच. अशाच एका ठिकाणी ठाकूर समाजातले एक साठीचे गृहस्थ माळीकाम करीत. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मालकांच्या चिरंजीवांनी युरोपातून बागेसाठी तांब्याच्या धातूची तीन अवजारे आणली: एक खुरपे, एक हातकुदळ आणि एक दाताळे. २०२२ च्या जूनमध्ये, पावसाची झड लागली असताना, त्यांतले खुरपे नाहीसे झाले. लोखंडाची खुरपी त्याआधी कितीतरी हरवली होती, त्यांची कोणी चौकशी केली नव्हती. पण हे तांब्याचे! भंगारवाला तांब्याला काय भाव देतो हे सर्वांना ठाऊक. मामांचा अर्धा पगार कापला गेला आणि "उद्यापासून येऊ नका" असे त्यांना सांगण्यात आले.

मामा आमच्या खोलीवर आले, उंबऱ्याशीच बसले आणि म्हणाले, "भाऊ, माझा हात त्या खुरप्याला लागला, पर चोरीला नाय लागला."

त्या दिवशी आम्ही आपल्या नेहमीच्या सवयीने पगाराचा, नोटिशीचा, अर्जाचा विचार करू लागलो. बोलता बोलता सहज विचारले, "मामा, पण ते तांब्याचे खुरपे होते तरी कसे?" ज्या वस्तूपायी पोटावर पाय आला तिला ते शिव्या देतील असे आम्हांस वाटले होते. ते म्हणाले, "खुरपा झाक व्हता. पावसात गंजत नव्हता. माती चिकटत नव्हती." कामगाराने ज्या अवजारापायी काम गमावले त्याचीच अशी शिफारस करावी, हे आम्हांस नवे होते. त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. मामांची हकीकत पुढे काय झाली ते शेवटी सांगू. मधल्या काळात जे वाचले, पाहिले आणि विचारले ते आधी आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम धातूंची ओळख. तांबे हा शुद्ध धातू. त्यात कथील मिसळले की कासे होते आणि जस्त मिसळले की पितळ. आपल्या घरातला हंडा तांब्याचा, समई पितळेची आणि तळपायाला तूप चोळण्याची आजीची वाटी काशाची. म्हणजे या धातूंची आपली ओळख देवघरातली, स्वयंपाकघरातली, न्हाणीघरातली. शेतात आणि बागेत मात्र आपण लोखंडच धरतो. असे कां, याचे उत्तर शोधताना गुण आणि दोष दोन्ही बाजूंनी पाहावे लागते.

पहिला गुण मामांनी सांगितलाच: तांबे गंजत नाही. आपल्या भागात या गुणाची किंमत फार आहे. माथेरानच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि खाली कर्जत-खालापुरातही तो काही कमी नाही. जूनमध्ये कुडाला अडकवलेले लोखंडी खुरपे गणपतीला काढावे तर तांबडे झालेले. लोखंडावर चढणारा गंज पोकळ आणि भुसभुशीत असतो. तो सुटून पडतो, खालचे नवे लोखंड उघडे पडते आणि तेही गंजू लागते. तांब्यावरही थर चढतो. प्रथम काळपट, मग हिरवट, ज्याला आपण जंगाल म्हणतो. परंतु हा थर घट्ट बसतो व खालच्या धातूचे पांघरूण होतो. लोखंडाचा गंज लोखंडाला खातो, तर तांब्याचा थर तांब्याला राखतो. पात्याला गंजाचे खड्डे पडले नाहीत म्हणजे ते गुळगुळीत राहते, आणि गुळगुळीत पात्याला चिकण माती कमी धरते. मामांनी सांगितलेला दुसरा गुण हा असा पहिल्याच्या पोटातून निघतो.

तिसरा गुण धारेचा. तांबे मऊ असते हे खरे, पण थंड असताना ठोकले की ते कठीण होते. पुण्याच्या तांबट आळीत हंड्यावर हातोडीचे ठसे एकाशेजारी एक उमटताना आपण पाहिले असतील. त्याला मठारकाम म्हणतात. ते नुसते शोभेसाठी नसते. प्रत्येक ठोक्यासरशी पत्रा ताठ होत असतो. काशाच्या पात्याची धार अशीच ठोकून बारीक व कठीण करता येते. पोलादाचा न्याय याच्या अगदी उलट. पोलाद तापवून पाण्यात बुडविले की कडक होते. लोहार विळ्याला पाणी देतो ते यासाठी. तांबे मात्र तापविले की नरम पडते, मग पाण्यात बुडवा अगर न बुडवा. म्हणजे काशाच्या खुरप्याच्या धारेसाठी भाता नको, कोळसा नको. एक लहान हातोडी, खाली एक गुळगुळीत ठोकळा आणि हाताचा अंदाज एवढ्यावर भागते. गावातला लोहार आता दुर्मिळ होत चालला आहे, हे ध्यानात घेता हा गुण लहान नाही.

चौथा गुण जंतूंविषयी सांगतात. तांब्याच्या पृष्ठावर पुष्कळ जातीचे जंतू काही तासांत मरतात हे प्रयोगांनी दिसले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ साली तांब्याच्या मिश्रधातूंची तशी अधिकृत नोंदही केली. परंतु येथे 'काही तासांत' हे शब्द विसरू नयेत. एका रोगट फांदीवरून दुसऱ्या निरोगी फांदीवर चाकू जातो तो दोन क्षणांत. तेवढ्यात तांबे काही करू शकत नाही. कलमाचा चाकू तांब्याचा असो वा पोलादाचा, तो पुसून निर्जंतुक केलाच पाहिजे.

आता काही गुण असे सांगितले जातात की ज्यांवर आमचा विश्वास बसला नाही. तेही सांगितले पाहिजेत, कारण चळवळीत एक गोष्ट आम्ही शिकलो: आपल्या बाजूची खोटी साक्ष ही विरुद्ध बाजूच्या खऱ्या साक्षीहून अधिक घातक असते.

ऑस्ट्रियात व्हिक्टर शाउबर्गर नावाचे एक वनाधिकारी होऊन गेले (१८८५ ते १९५८). लोखंडी नांगर जमिनीतील ओल नष्ट करतो, तांब्याचा नांगर ती राखतो, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी साल्झबुर्गच्या बाजूस तांबे चढविलेले नांगर चालवूनही पाहिले. आज तांब्याची बाग-अवजारे विकणारे पुष्कळजण त्यांचे नाव घेतात. लोखंडाला चुंबक लागते, म्हणून ते मातीची शक्ती बिघडवते, असेही सांगतात. स्वतंत्र माणसांनी पुनःपुन्हा प्रयोग करून हे सिद्ध झालेले नाही. आणि आम्हांस तर आपल्या डोंगराकडे पाहूनच शंका येते. माथेरानची माती लाल कां? तिच्यातल्या लोखंडाच्या गंजामुळे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही लोहयुक्त. ज्या मातीच्या कणाकणात लोखंड आहे, तिला वीतभर लोखंडी पात्याच्या स्पर्शाने काय व्हायचे आहे?

दुसरी समजूत गोगलगाईंची. तांब्याच्या खुरप्याने खणलेल्या वाफ्यात गोगलगाई येत नाहीत, असे म्हणतात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली तांब्याची पट्टी, अंड्यांची टरफले वगैरे उपायांची परीक्षा केली, तेव्हा गोगलगाईंनी केलेल्या नुकसानीत काही फरक दिसला नाही. जेथे तांब्याची सबंध पट्टी त्यांना अडवीत नाही, तेथे खुरप्याची झीज काय अडविणार?

तिसरी समजूत अशी की, झिजलेले तांबे मातीला खत होते. झाडाला तांबे लागते हे खरे, पण अगदी लेशमात्र. आणि फाजील झाले तर तेच विष. फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या तांब्याची फवारणी झाली. तेथल्या जमिनीत तांबे साचून गांडुळांना अपाय होऊ लागला. म्हणून युरोपीय संघाने २०१८ साली मर्यादा घातली ती सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची. खुरप्याची वर्षाची झीज चिमूटभरही नसते. तिने भलेही होत नाही आणि बुरेही होत नाही.

फवारणीचा विषय निघाला म्हणून थोडे सांगतो, कारण बागेत तांब्याचे खरे सामर्थ्य खुरप्यात नसून मोरचुदात आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. १८८२ च्या सुमारास फ्रान्समध्ये बोर्दो भागातील मळेवाले रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत. कशासाठी? येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून! निळसर डाग पडलेली द्राक्षे विषारी समजून कोणी तोडत नसे. तेथील प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानी आले की, आतल्या वेलींवर बुरशीचा रोग आहे, पण या रस्त्याकडेच्या वेली निरोगी आहेत. त्यांनी प्रयोग करून १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेच आपले बोर्डो मिश्रण. चोराच्या भीतीतून निघालेले हे औषध आज आपल्या जिल्ह्यातील अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्यांत कोळेरोगावर वापरले जाते.

ते करताना एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून एकत्र करतात व एकूण पाणी १०० लिटर धरतात. भांडे मातीचे, लाकडाचे किंवा प्लास्टिकचे घ्यावयाचे, लोखंडाचे नव्हे. आणि शेवटी परीक्षा घ्यावयाची ती लोखंडी विळ्याने. विळ्याचे स्वच्छ पाते मिश्रणात थोडा वेळ बुडवून काढावे. पात्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण अजून तिखट आहे, पानांना भाजील, तेव्हा चुना वाढवावा. थर चढला नाही तर मिश्रण योग्य. आम्ही प्रथम हे पाहिले तेव्हा फार मौज वाटली. तांब्याची परीक्षा लोखंडाने करावयाची! दोघे वैरी नाहीत. दोघांची कामे निराळी आहेत.

हेच सूत्र धरून आता तांब्याच्या दोषांकडे वळू. पहिला दोष, तांबे दगडापुढे टिकत नाही. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांहून जुनी. तो काळा पाषाण फोडला तो लोखंडी छिन्नीने. आमची जमीन त्याच पाषाणाची लेकरे. बांधावर कुदळ मारली की दोन घावांत एक दगड लागतो. तेथे काशाची कुदळ नेली तर संध्याकाळपर्यंत तिची धार वळून जाईल. राबासाठी टहाळ तोडायला चढणाऱ्या माणसाच्या कमरेला कोयता लागतो तो पोलादाचाच. काशाच्या अवजाराची जागा म्हणजे भुसभुशीत माती: रोपवाटिका, कुंड्या, भाजीचे वाफे, फुलझाडे. तेथे त्याने राज्य करावे. दुसरा दोष वजनाचा. त्याच मापाचे अवजार तांब्याचे केले तर लोखंडाहून सुमारे सातव्या हिश्श्याने जड होते. पण खुरप्याएवढ्या वस्तूत तेवढे कोणी मोजत नाही.

तिसरा दोष मोठा, आणि तो धातूचा नसून समाजाचा आहे. तांबे महाग. आज त्याचा भाव लोखंडाच्या दहा पटींहून अधिक आहे. विजेचे युग आल्यापासून तर त्याला सारे जग मागणी करते. आपल्या खोपोलीला १९१५ साली वीज निर्माण होऊ लागली, पुढे १९२२ साली भिवपुरीला. त्या प्रत्येक जनित्राच्या पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. आमच्या वाड्यांत दिवा लागायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. तांबे असे आपल्या दारावरून गेले, पण आपल्या हातात आले नाही.

ही गोष्ट आजची नव्हे. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांपाशी तांबे होते. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे येथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी तेथे उत्खनन केले, आणि त्या गावाचे नाव एका सबंध संस्कृतीला मिळाले. तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७००. पुढे १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी शिरूर तालुक्यातील इनामगावी कित्येक वर्षे उत्खनन केले. त्या काळच्या वस्त्यांत तांब्याच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, गळ, बांगड्या सापडतात. परंतु कापण्या-सोलण्याचे रोजचे काम चालत असे ते गारेच्या लहान लहान पात्यांनी! तांबे होते, पण थोडे होते, आणि थोडी वस्तू सर्वांच्या हाती जात नाही. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार ओतीव वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. कला म्हणून ती अपूर्व आहे, आम्ही तिला नमस्कारच करतो. पण आमचे कामगाराचे मन हिशेब करतेच की, साठ किलो तांब्यात किती घरांच्या कुऱ्हाडी झाल्या असत्या?

विदर्भात नागपूरजवळ माहुरझरीच्या शिळावर्तुळांत पाहा. तेथे लोखंड आले आहे. कुऱ्हाडी वगैरे हत्यारे लोखंडाची, आणि घोड्याच्या डोक्यावरचा साज तांब्याचा. लोखंड आले तेव्हा काबाडकष्टाच्या हाताला प्रथम पुरेसा धातू मिळाला. म्हणून आम्ही लोखंडाला नावे ठेवणार नाही. ते गंजले तरी गरिबाला परवडले.

आता आम्ही आपल्याला बागेतून कारखान्यात नेतो, कारण काशाच्या अवजाराचा सर्वांत मोठा गुण आम्ही तेथे पाहिला. तो म्हणजे ठिणगी न पडणे. लोखंड दगडावर किंवा लोखंडावर आपटले की त्याचा बारीक कण सुटतो आणि हवेत जळतो. तीच ठिणगी. काशाचा कण सुटला तरी असा पेटत नाही. जेथे पेट्रोल, द्रावके, ज्वालाग्राही वायू यांच्याशी काम असते, तेथे पाने, हातोड्या, छिन्न्या ॲल्युमिनियम-ब्राँझच्या किंवा बेरिलियम मिसळलेल्या तांब्याच्या वापरतात. यातही विवेक हवा. बेरिलियमची धूळ फुप्फुसाला विषारी, म्हणून ते अवजार साध्या सहाणेवर घासू नये. आणि ॲसिटिलीन वायूच्या कामात तांबे मुळीच चालत नाही, कारण त्या दोहोंचा संयोग स्वतःच स्फोटक होतो. प्रत्येक गुणाला त्याची जागा असते, ती अशी.

२००८ साली खालापूर तालुक्यातील एका कारखान्यात रात्रपाळीच्या एका तरुणाने द्रावकाच्या पिंपाचे घट्ट बसलेले बूच लोखंडी पान्याने व हातोडीने सैल केले. ठिणगी पडली. तरुण वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची बोटे कायमची आखडली. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात स्फोटक व ज्वालाग्राही वायूंसाठी ३७ वे कलम होते. ते पुढे ठेवून आम्ही ब्राँझच्या अवजारांची मागणी केली. एक अधिकारी हसून म्हणाले, "काशाची भांडी पाहिजेत तर लग्नात मागा!" चौदा महिन्यांनी अवजारे आली. आम्ही पेढे वाटले. महिनाभराने रात्रपाळीला सहज गेलो तो काय पाहतो, पिंपाशी तोच लोखंडी पाना! विचारले तर कळले की ब्राँझची अवजारे कोठीत कुलपात आहेत, किल्ली कोठीवाल्याकडे, आणि कोठीवाला रात्री नसतो. कुलूप कां? तर तांब्याची वस्तू, चोरीला जाईल.

सभाजनहो, आमचा पहिला लढा पान्यासाठी झाला आणि दुसरा किल्लीसाठी. दुसरा अधिक अवघड गेला. पहिल्यात पैशाचा प्रश्न होता, दुसऱ्यात इभ्रतीचा. अखेर कुलूप निघाले. पिंपांशेजारच्या भिंतीवर एक फळी लागली, तिच्यावर प्रत्येक अवजाराची आकृती रंगविली गेली आणि अवजारे उघड्यावर टांगली गेली. खरे तेच सांगावयाचे म्हणून हेही सांगतो की, पुढे त्यांतली एक हातोडी गेली. ती कोणी नेली हे आजवर कळलेले नाही. व्यवस्थापकांनी ती हातोडी आम्हांस पुष्कळदा ऐकविली. आम्ही दर वेळी एवढेच म्हटले, की हातोडीची किंमत बिलात आहे ती पाहा, आणि त्या तरुणाच्या बोटांची किंमत कोणत्या बिलात आहे तेही दाखवा.

आता मामांकडे येतो. त्यांची बाग सुटली ती जूनमध्ये. कारखान्याचे कामगार नसल्याने त्यांना कायद्याचा आधार तोकडा होता. आम्ही मालकांना दोनदा भेटलो, एक पत्र दिले, उपयोग झाला नाही. मामा रस्त्याच्या कामावर खडी वाहू लागले. वाडीत तोंडावर कोणी चोर म्हटले नाही, पण शेजारच्या दोन बंगल्यांवर काम मागायला गेले तर गडी "सध्या माणूस नको" एवढेच बोलून फाटक लावून घेई.

२०२३ च्या मे महिन्यात नव्या माळ्याने त्या बागेतला पालापाचोळ्याचा खड्डा उपसला. तळाशी खुरपे निघाले. पावसाच्या घाईत कचऱ्याच्या पाटीतून ते गेले असावे. मूठ लाकडाची, ती वाळवीने खाल्लेली. पाते हिरवट झालेले, पण शाबूत. कोणीतरी चिंच लावून घासले, तर पुन्हा झळझळीत. मालकांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नव्या माळ्याने खुरपे दाखविले त्याच दिवशी संध्याकाळी ते स्वतः मामांच्या घरी गेले, कापलेला पगार दिला आणि हात जोडले. असे करणारी माणसे आम्ही फार पाहिलेली नाहीत. मामांनी काम पुन्हा धरले. पण मधले अकरा महिने कोणी परत देऊ शकले नाही, आणि त्यांचा हिशेब कोणत्याही पावतीत मांडता येत नाही.

या दोन हकीकती आम्ही एकापुढे एक ठेवल्या त्या एवढ्यासाठी. तांब्या-काशाच्या अवजारांचे गुण खरे आहेत. ती गंजत नाहीत, ठोकून धार धरतात, ठिणगी पाडीत नाहीत. परंतु गुण धातूत असतो आणि उपयोग हातात असतो. हातावर विश्वास नसेल तर चांगले अवजार कपाटात पडते, किंवा ज्याच्या हाती दिले त्याच्याच गळ्यात फास होऊन बसते. लोखंडाचे खुरपे हरविले तर 'हरविले' म्हणतात आणि तांब्याचे हरविले तर 'चोरले' म्हणतात. या दोन क्रियापदांमध्ये गरीब माणसाची अब्रू अडकलेली असते.

आपणांपैकी कित्येकांच्या घरी बाग असेल, परसू असेल, रोपवाटिकेचा धंदा असेल. आमची सूचना साधी आहे. आपल्या रोपवाटिकांतून पुष्कळ बाया घरचे गंजके खुरपे आणून राबतात. त्यांना मालकाने आपल्या खर्चाने चांगले अवजार द्यावे. भुसभुशीत मातीच्या कामासाठी ते काशाचे असले तर चार पावसाळ्यांनंतरही ते शाबूत दिसेल. पैसे कमी असतील तर पोलादाचे द्यावे, आणि रोज पुसून तेलाचा हात फिरवावा. तेही पुष्कळ टिकते. पण जे द्याल ते त्या बाईच्या नावाने द्यावे, तिच्या हाताच्या मापाची मूठ बसवून द्यावे, आणि संध्याकाळी मोजून कुलपात घालू नये. एखादे हरवेल. हरविलेच तर शोधण्याआधी कोणाला चोर ठरवू नये. आणि कागद करावयाचाच असेल तर नेमणुकीचा करावा, पगाराचा करावा. खुरप्याची पावती लिहून घेणारे आणि माणसाच्या नोकरीची चिठ्ठी न देणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले.

इकडे येण्यापूर्वी आम्ही मामांना भेटून आलो. त्यांनी त्या खुरप्याला बाभळीची नवी मूठ घातली आहे. म्हटले, "मामा, आज तुमच्या खुरप्यावर भाषण आहे. लोकांना काय सांगू?" ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "सांगा, खुरपा तांब्याचा चांगला. पर कोयता लोखंडाचाच पायजे, भाऊ." एवढी वर्षे वाचून आम्ही ज्या निर्णयाला आलो तो याहून फारसा निराळा नाही.